राखण्याची यादी

मिलिंदचं नाव कापायचं हे मी ठरवून टाकलं होतं. ड्राफ्टला चार दिवस राहिले होते आणि शेठ समोर बसून विचारत होते, "मास्तर, यादी झाली का?"

दिग्रसला शेठची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना होता. तिच्या फुटबॉल टीमचा मी मॅनेजर होतो. त्याआधी शाळेत पीटी शिकवायचो. आमची लीग लहान, सहाच टीमा. पण खेळाडू पगारी होते. सकाळी जिनिंगमध्ये काम, संध्याकाळी प्रॅक्टिस. सीझन संपला की प्रत्येक टीमनं कोण राखायचा आणि कोण सोडायचा हे कळवायचं. मग सगळे मॅनेजर यवतमाळला एका हॉलमध्ये जमायचे आणि नव्या खेळाडूंच्या यादीतून पाळीपाळीनं एकेक निवडायचे. यालाच ड्राफ्ट म्हणतात. शेवटच्या नंबरच्या टीमला पहिली पाळी. त्या वर्षी शेवटचे आम्ही होतो.

ते बोंडअळीचं वर्ष. कापूसच आला नाही, जिनिंग संक्रांतीच्या आधीच बंद पडायला लागली. शेठनी सांगून ठेवलं होतं, नवा एकच घ्यायचा आणि त्याच्या जागी जुना एक सोडायचा. सोडला म्हणजे टीममधूनही गेला आणि जिनिंगच्या कामावरूनही.

"स्ट्रायकर घ्या," शेठ म्हणाले. "तो नागपूरवाला. लोकं गोल पाह्याले येतात."

"गोल आपण करतो शेठ. खातो जास्त. आपल्याला स्टॉपर पाहिजे."

स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे, मधोमध उभा राहणारा बचावाचा खेळाडू. आमचा स्टॉपर मिलिंद. माझ्या नोंदवहीत प्रत्येक मॅचचा प्रत्येक गोल लिहिलेला होता. दुसऱ्या हाफमध्ये मिलिंद मागे मागे सरकायचा, पार कीपरच्या अंगावर जायचा. पुढे मैदान मोकळं पडायचं आणि समोरचे लांबून शॉट मारायचे. दम संपतो, असं मी लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिलिंदला ऑफिसात बोलावलं. तिशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस. घरी बायको, दोन मुली.

"मिलिंद, या वर्षी तुला सोडावं लागेल."

त्याने मान खाली घातली. "ठीक हाय सर."

"दुसऱ्या हाफमध्ये इतका मागे काहून जातोस?"

"असंच."

"दम लागतो?"

"नाही."

एवढंच बोलून तो गेला. माणूस नोकरी चालली तरी भांडत नाही, हे मला खटकलं. मी नोंदवही पुन्हा काढली. या वेळी गोल नाही, मॅचच्या वेळा पाहिल्या. बहुतेक मॅच चार वाजता सुरू झालेल्या. हिवाळ्यात दुसरा हाफ संपेपर्यंत उजेड जायला लागतो. दोन मॅच मात्र यवतमाळला सकाळी झालेल्या. त्या दोन्हींत मिलिंद शेवटपर्यंत आपल्या जागेवर होता आणि दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एकही गोल खाल्लेला नव्हता.

दम तर सकाळीही लागतो.

त्या संध्याकाळी प्रॅक्टिसला मी गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. कीपर सलीम, जिनिंगमधला वेल्डर, आठ वर्षांपासून आमच्या गोलमध्ये. साडेपाचनंतर मिलिंद मागे यायला लागला. तेव्हा पहिल्यांदा मला त्याचा आवाज ऐकू आला. प्रत्येक शॉटला तो हळूच सांगत होता. "डावीकडं. वरून. आला, आला." आणि सलीम त्या आवाजावर उडी मारत होता.

मी मिलिंदला बाहेर बोलावलं आणि एकाला लांबून शॉट मारायला सांगितला. बॉल सलीमच्या कानाजवळून जाळीत गेला. त्याचा हातसुद्धा हलला नाही.

मी सगळ्यांना घरी पाठवलं, ते दोघेच थांबले.

"केव्हापासून?" मी सलीमला विचारलं.

"दिवाळीपासून सर. दिवसा दिसते. सांज झाली का बॉल धुरातून आल्यावानी वाटते."

"मला सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं ठेवलं असतं का तुमी?"

सलीम मिलिंदकडे वळला. "तुले सोडून राह्यले हे मले काहून नाही सांगतलं बे?"

"सांगून काय केलं असतंस? तू सोता गेला असता."

"मंग? गेलो असतो."

दोघं एकाच शाळेत शिकलेले, एकाच दिवशी जिनिंगमध्ये लागलेले. मी त्यांच्यासमोर नोंदवहीतलं 'दम संपतो' खोडलं. फार लाज वाटली.

सकाळी शेठना सगळं सांगितलं.

"म्हंजे स्ट्रायकर नाही?"

"नाही. कीपर. महागावचा एक राठोड आहे यादीत, चांगला आहे. मिलिंद राहील."

"आन सलीम?"

"आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. टीममधून सोडू, पण कामावरून काढू नका."

"वेल्डिंग करून डोळे गेले त्याचे अन पुन्हा वेल्डिंगच देऊ?" शेठ चिडले होते, पण रोख माझ्यावर नव्हता. "स्टोअरमध्ये बसवा त्याले. पण मास्तर, हा कीपर फसला तं पुढच्या वर्षी तुमचं नाव कापीन."

ड्राफ्टला मी पहिल्या पाळीत राठोडचं नाव घेतलं. हॉलमध्ये लोक हसले. पुढच्याच टीमनं नागपूरवाला स्ट्रायकर उचलला.

सलीमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, त्या वयात. वेल्डिंगमुळेच का, ते डॉक्टर ठामपणे सांगेनात. ऑपरेशन झालं, नजर पुष्कळ सुधारली. गोलमध्ये मात्र तो परत उभा राहिला नाही. राठोडला तोच शिकवायचा, गोलच्या मागे खुर्ची टाकून. मिलिंद पुढे सरकून खेळायला लागला आणि तीन सीझन खेळला.

ड्राफ्टनंतरच्या सीझनमध्ये नागपूरवाल्यानं आम्हाला दोन गोल मारले. शेठ ते अजून ऐकवतात. आम्ही सहातले तिसरे आलो.

तेव्हापासून ड्राफ्टच्या आधी मी सगळ्या टीमचे डोळे तपासून घ्यायला लागलो. पहिल्याच वर्षी दोघांना चष्म्याचा नंबर निघाला. त्यातला एक मी होतो.