नत्थुजींची तीन माणसं

सीमाच्या जर्मनीच्या करारावर चहा मी सांडला. जर्मन प्रत धुतली गेली. इंग्रजी प्रत मात्र कोरडीठाक.

"तीच कशी वाचली?" नत्थुजींनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हे ते विसरायला तयार नव्हते.

नत्थुजी बाळापूरकडचे बैलांचे दलाल. बैलाचं वय तीन माणसांना वेगवेगळं गाठून विचारतात. तिघांचं जुळलं, तरी जबडा उघडून दात बघतातच. मुलगी सीमा नर्स. जर्मनीतल्या एका दवाखान्याने तिला बोलावलंय; पण बापाच्या होकाराशिवाय ती सही करणार नाही. आणि बापाचा प्रश्न एकच: पोरीच्या डोक्यावर छप्पर किती दिवस?

इंग्रजीत लिहिलं होतं, खोली आणि स्वयंपाकघर, 'विच' तीन महिने मिळेल. मी म्हणालो, खोली तीन महिने. राजापेठेतले वकील हरिहरपंत म्हणाले, छे, फक्त स्वयंपाकघर. बँकेतल्या कुंदनच्या मते दोन्ही.

"तीन शिकलेले, तीन तोंडं," नत्थुजी म्हणाले. "बैल असता तं मी बाजारातून वापस आलो असतो."

नवी जर्मन प्रत मागवली. सीमाच्या जर्मन क्लासमधल्या तीन मुलींना नत्थुजींनी एकेकटीला गाठलं. एकीला जिन्यात, एकीला झेरॉक्सच्या दुकानात, तिसरीला चालू स्कूटीवरून उतरवून. तिघींचं एकच: स्वयंपाकघर तीन महिने, खोली नोकरी आहे तोवर.

"तिघींचं जुळलंच काहून? मिळून हायेत ह्या!"

सीमा वैतागली. "बाबा, जर्मनमंदी खोली येगळी चालते, सैपाकघर येगळं. इंग्रजीत दोघांलेबी एकच शब्द."

"म्हंजे आपल्यावानीच? 'जी' म्हटलं का खोली, 'जे' म्हटलं का सैपाकघर?"

"हो."

"अन् देते का नाई देत, ते आपल्यावानी शेवटी?"

"तेबी लय डाव शेवटीच येते."

नत्थुजींनी चष्मा काढून पुसला. जर्मन माणसांवरचा संशय काही गेला नव्हता, पण निदान ती बोलतात तरी माणसासारखी, एवढं त्यांनी मान्य केलेलं दिसलं.

रविवारी बापलेक पुन्हा माझ्याकडे आले. मी चहाचा कप टेबलावर ठेवला, शेजारीच करार मांडला, पेन सीमाच्या हातात दिलं.

"नत्थुजी, आता तरी हो म्हणा. करू द्या सही."

त्यांनी कागदावर आडवा हात धरला.

"पहिले तो कप उचला, सर."