गायकर सरांच्या पत्रिका

गायकर सरांना लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलं की ते आधी पत्रिका उलटी करून बघत. पाठ कोरी असली की खूश. "ब्येस! तुजं लगीन झकास होनार बग." लग्नाला मात्र क्वचितच जात.

कशेळ्याला आम्हाला इंग्रजी शिकवणारा हा पोशीरचा भातशेतीवाला माणूस निवृत्तीनंतर एका क्रियापदाच्या नादी लागला होता. 'वॉश', म्हणजे धुणे. लोक म्हातारपणी देवाचं करतात, सर याचं करत. इंग्रजी, जर्मन ज्यातून निघाल्या त्या जुन्या जर्मेनिक बोलीतलं ते क्रियापद कुठे कुठे नांदायला गेलं, हे ते पत्रिकांच्या पाठीवर लिहून ठेवत. जर्मनीत, हॉलंडात ते धूतच राहिलं. स्वीडनमध्ये नदीची रेती धुऊन सोनं काढू लागलं. फ्रान्समध्ये आधी चुना कालवू लागलं आणि शेवटी त्याचा अर्थच नासवणं झाला. "चांगल्या घरचा पोर वाया जातो ना रं, तसं!" सर हळहळत.

मी एकदा म्हटलं, "सर, मोबाईलवर फोटो काढून ठेवू."

"आदी पुरं होऊ दे. अर्ध्या घराची वास्तुशांत करतात काय?"

मीही आळस केला. त्याची बोचणी अजून जात नाही.

सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले होते, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, गणपतीआधी घर झाडून काढलं. लिहिलेल्या पत्रिका लाकडी पेटीत असतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण पेटीला वाळवी लागली म्हणून सरांनीच त्या माळ्यावर हलवल्या होत्या, हे सांगायचं राहून गेलं होतं. काकींना वाचता येत नव्हतं. दिसला तो पत्रिकेच्या पुढच्या बाजूचा गणपती. तो कचऱ्यात कसा टाकायचा? विसर्जनाच्या दिवशी त्यांनी निर्माल्यासोबत सगळा गठ्ठा हात जोडून नदीत सोडला.

"देवाचं चित्र पायदळी जाऊ नाय म्हनून वो," त्या रडत सांगत होत्या.

"बरोबर केलंस गं," सर एवढंच म्हणाले.

पुन्हा लिहू या, म्हणून मी वही घेऊन गेलो. सरांनी पेन उघडलं, परत बंद केलं. "शब्द आठवतात रं. कोन कुनाचा, ते नाय आठवत." मग त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली. भातकापणी उरकली आणि सर गेले. दुखणं असं काही नव्हतं. जगायचं कशासाठी, हेच उरलं नव्हतं.

दहाव्याला काकींनी मला बाजूला बोलावलं. "ते येवढं काय लिवत होते, मला सांग तरी."

मला आठवलं तेवढं सांगितलं. चार देश. दोन मिनिटांत संपलं.

"येवढंच व्हतं?"

त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मी म्हटलं, "हो काकी, एवढंच."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सरांची सगळी वर्षं मी त्या एका 'एवढंच'मध्ये बुडवली.