दादाचा ट्रक का अडखळत होता

शनिवारी दुपारी लातूरच्या बसमधून नांदेडला उतरले. दादाच्या घरी पोहोचले आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आतच तो म्हणाला, "उद्या चारला ताफा निघणार हाय. तोवर झालं तर झालं. न्हाई तर हे डबडं भंगारात देऊन टाकतो."

डबडं म्हणजे त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर. कंधारला नोकरी लागली तेव्हा त्यानं हौसेनं एकेक भाग निवडून तो जुळवून घेतला होता. त्याला आता दहाएक वर्षं झाली होती. अडीच वर्षांपूर्वी दादाच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि मणक्याला मार बसला. पाय गेले ते गेलेच. हातांच्या बोटांत ताकद आली, पण पहिल्यासारखी नाही. उपचारांसाठी तो आणि वहिनी नांदेडला राहायला आले. तिथे त्याला ट्रक चालवायचा गेम सापडला. टेबलाला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग आणि त्याच्या मागे बोटांनी दाबायचे दोन खटके, एक ॲक्सिलरेटरचा, एक ब्रेकचा. दर रविवारी ठिकठिकाणचे वीसेक लोक ऑनलाइन एकत्र येऊन ताफ्यानं ट्रक चालवायचे. दादा आठवडाभर त्या दोन तासांची वाट बघायचा.

गेल्या काही महिन्यांपासून त्याचा ट्रक अडखळायला लागला होता. चित्र क्षणभर थिजायचं आणि पुन्हा हलेपर्यंत तो पुढच्या गाडीवर आदळलेला असायचा. मागच्या रविवारी त्यानं एकापाठोपाठ तीन गाड्यांना धडक दिली. ताफ्याच्या प्रमुखानं नम्रपणे लिहिलं, पुढच्या वेळीही असंच झालं तर थोडे दिवस थांबा.

मी लातूरला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते, म्हणून त्यानं मला बोलावलं होतं. त्याचं निदान आधीच ठरलेलं होतं. पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड गेलं.

चहा टाकताना वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, ते कार्ड कार्ड म्हणतात. पण खरं तर त्यांना वाटतंय हातच गेले. महिना झाला, बोटांचा व्यायाम बंद केलाय. विचारलं की अंगावर येतात."

मी मशीन तपासायला आले होते. मशीन ठणठणीत निघालं, तर त्यातून काय सिद्ध होणार होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतील अशी सोय केली. प्रोसेसरचा वेग, त्याचं तापमान, कार्डावरचा भार. दादाला म्हटलं, "तू चालव, मी बघते."

दहा मिनिटं ट्रक लोण्यासारखा चालला. मग पहिला झटका बसला. कार्ड तेव्हा निम्म्यानंसुद्धा वापरलं जात नव्हतं. मी चित्राचा दर्जा एकदम खाली आणला. कार्ड दमत असतं तर आता फरक पडायला हवा होता. काही फरक पडला नाही. झटके तसेच.

"कार्ड बरं आहे दादा."

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "म्हंजे मशीन ठीक हाय."

"तसं नाही म्हटलं मी."

"मंग काय म्हटलं? मीच मंद झालोय, हेच ना? सांग की तोंडावर. बसनं एवढ्या लांब आलीस ना तेच सांगायला?"

मीही चिडले. "एकच गोष्ट तपासलीय मी. अजून तीन बाकी आहेत. तुला निकाल ऐकायची एवढी घाई असेल तर मी संध्याकाळच्या बसनं जाते."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग दादानं हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले.

या वेळी मी पडद्याकडे कमी आणि त्याच्या बोटांकडे जास्त पाहिलं. त्याला सांगितलं, ब्रेक दाबशील तेव्हा मोठ्यानं "ब्रेक" म्हण. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. उतारावर पुढचा ट्रक थांबला. "ब्रेक!" दादा ओरडला, आणि त्याच क्षणी त्याचं बोट खटक्यावर पूर्ण दाबलं गेलेलं मी पाहिलं. पडद्यावरचा ट्रक मात्र थिजला आणि मग धाडकन आदळला. कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान नव्याण्णव अंश होतं. वेग एक चतुर्थांशावर आला होता.

"तुझं बोट वेळेवर होतं," मी म्हटलं. "प्रोसेसर तापून झोपतोय."

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. "परत दाखव," म्हणाला. मी चार वेळा दाखवलं.

रविवारी सकाळी कॅबिनेट उघडलं. धुळीचा थर गोधडीसारखा जमला होता. तो काढून मी प्रोसेसरवरच्या पंख्याला बोट लावलं, तर पंखा खालच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यासकट डुगडुगला. तो ठोकळा चार पायांनी बोर्डात रुतलेला असतो. एक पाय निसटून वर आला होता. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यापर्यंत पोहोचवणारी मधली पेस्ट वाळून भुकटी झाली होती. ती ओली होती तोवर तिच्यावरच निभावत गेलं असणार.

तो पाय कधी निसटला असेल, हे मला लगेच उमगलं. अपघातानंतर कंधारहून सामान मीच आणलं होतं. जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून दोन पोत्यांच्या मध्ये हे कॅबिनेट आडवं कोंबलं होतं. रस्ता तर असा की बसलेली माणसंसुद्धा उडत होती.

तेव्हा मी काही बोलले नाही. लातूरहून आणलेली पेस्ट लावली, पाय भोकांत बसवले आणि दाबले. चौथा बसताना बोर्ड वाकला आणि कट् असा आवाज झाला. दादा दचकला. "मोडलं का?"

"बसला," मी म्हटलं. पण माझी मला खात्री नव्हती.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

बंद करून पुन्हा चालू केलं. काळाच. दीड वाजला होता. दादा माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मी स्वतःला लॅबमधल्या शिस्तीची आठवण करून दिली. शेवटी कशाला हात लावलास? रॅमच्या दोन पट्ट्या पुसायला काढल्या होत्या. दोन्ही काढल्या, एकच लावली. काळा. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावली. काळा. मग तिच्या जागी दुसरी पट्टी घेतली आणि दोन्ही अंगठ्यांनी, खटका ऐकू येईपर्यंत दाबली.

पडदा उजळला. वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?" कारण मी मोठ्यानं ओरडले होते. पहिली पट्टीही तशीच दाबून बसवली, तीही चालली. दोन्ही अर्धवट बसल्या होत्या, एवढंच.

चारला ताफा निघाला. मी मागे खुर्ची टाकून बसले. तापमान सत्तरच्या आसपास राहिलं. पहिला तास दादा श्वास रोखूनच चालवत होता. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले. एका अवघड वळणावर मात्र त्याचा डावा हात उशिरा फिरला आणि ट्रकचं चाक रस्त्याच्या खाली उतरलं. मी आकड्यांकडे पाहिलं. सगळे ठीक होते.

"हे माझं," तो म्हणाला. "हे हाताचंच हाय." त्यानं गाडी सावकाश वर घेतली, अंतर धरलं आणि कोणाला न धडकता शेवटपर्यंत गेला.

मशीन बंद केल्यावर मी त्याला जीपचं सांगितलं. तो पाय माझ्यामुळे निसटला असणार. इतके महिने तू स्वतःला दोष देत बसलास, ते माझ्या हलगर्जीपणामुळे.

त्याला राग आला होता, ते दिसत होतं. मग म्हणाला, "तवा मी दवाखान्यात पडून होतो. सामान तू एकटीनं आणलं. आणखी कोण होतं आणायला?" पुढे म्हणाला, "पण काल बसनं जाते म्हणालीस, तशी खरंच गेली असतीस, तर मी तुला लई दिवस माफ केलं नसतं."

गेम उघडायला मात्र अजून फार वेळ लागत होता, कारण हार्ड डिस्क जुनी. महिन्याभरानं ती बदलायची ठरली. मी निघणार होते, पण दादा म्हणाला येऊ नको. त्यानं कॅबिनेट पलंगावर आपल्या मांडीच्या उंचीवर ठेवून घेतलं. फोनवर व्हिडिओ कॉल लावून मी नुसती बघत होते. स्क्रू तोच सोडवत होता, एकेक, डाव्या हातानं. वहिनी मदतीला पुढे झाल्या तेव्हा म्हणाला, "थांब. वेळ लागू दे."