लाल गोंड्यांची माळ

माझी थोरली बहीण, आमची ताई, सणाची सजावट कधी विकत आणायची नाही. जुन्या बाजारातून तुटके मण्यांचे हार, पडद्याच्या लाकडी कड्या, भोकं पडलेले स्वेटर आणायची. स्वेटर उसवून लोकरीचे गोंडे करायची आणि दारावर लावायला माळ ओवायची. माळ टांगायचं काम भाऊजींचं. ते रंगारी. शिडी त्यांची, चौकटीच्या दोन कोपऱ्यांतले खिळेही त्यांनीच ठोकलेले.

भाऊजी गेले. कपाट आवरताना सुनेने विचारलं, बाबांचं काय काय ठेवायचं. ताई म्हणाली, "सगळं देऊन टाक. रिकामे कपडे कवटाळून काय करू?" सुनेने सांगितलं तसं केलं.

सण जवळ आला. यंदा राहू दे, असं सगळेच म्हणाले. ताई म्हणाली, "खिळे काय शोभेला ठोकलेत?" आणि मला पिशवी धरायला जुन्या बाजारात घेऊन गेली.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लोकर ती बोटांनीच निवडते. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तिने एक गडद लाल स्वेटर ओढला.

"कोपर विरलंय रे याचं."

"काकू, कोपर धड असतं तर हा माझ्याकडे कशाला आला असता?" कपडेवाला म्हणाला.

"जीभ तेवढी धड आहे तुझी. बांध."

स्वेटर उसवणं हे घाईचं काम नाही. आधी शिवणी सोडवायच्या. कात्री लोकरीला लागली की धागा तुकड्यातुकड्याने येतो आणि सगळी मेहनत वाया. मग वरून खाली उसवत यायचं. ताई धागा सोडायची, मी खुर्चीच्या पाठीवर गुंडाळायचो. मी दोरखंडाच्या कारखान्यात जन्म काढला, लडी कशी ताणायची हे मला सांगावं लागत नाही. शिवणीच्या आत राखाडी रंग दिसला. "रंगवलेला माल आहे," मी म्हणालो. "असू दे, दारावर कोण बघतंय," ती म्हणाली.

दोन्ही बाह्या संपल्या. पुढचा भाग काखेपर्यंत आला.

"थांब."

मी गुंडाळतच होतो.

"थांब म्हटलं ना!"

तिचं बोट डाव्या काखेखाली एका जागी पुढेमागे फिरत होतं. भाऊजींचा राखाडी स्वेटर विणताना तिची लोकर संपली होती. तसली पुन्हा मिळाली नाही, म्हणून तिथे तिने दोन बारीक धागे एकत्र घेऊन वेळ भागवली होती. नजरेला कळायचं नाही. हाताला लागायचं.

"हा यांचा आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "सुनेला कळलं तर..."

"तिला एक शब्द सांगायचा नाही. दे म्हणणारी मी."

"परत विणता येईल की."

"कोण विणणार? मला टाके दिसत नाहीत. तू विणतोस, दोरवाल्या?"

तिने विणायची सुई मागितली. सुटे टाके एकेक करून चाचपत सुईवर घेतले, पुढे उसवू नये म्हणून. दोन निसटले, ते तिने पुन्हा उचलले. मला मदत करू दिली नाही. मग खुर्चीवरच्या लडीकडे हात केला.

"ही घे धुवायला. वजन बांधून वाळव, नाहीतर गोंडे कुरळे होतात."

"हिचे गोंडे करायचे?"

"उसवलेलं कोणाच्या अंगात घालणार आता?"

कड्यांवर लोकर गुंडाळून तिने गोंडे केले, मधे मणी घातले. माळ डाव्या खिळ्यापासून जेमतेम मध्यापर्यंत पुरली. मी शिडीवर चढलो. ताईने खालून शिडी धरली.

"मधोमध घेऊ का? दोन्हीकडे सारखं दिसेल."

"नवा खिळा मारायचा नाही. आहे तिथून सोड."

माळ एकाच खिळ्यावरून सरळ खाली लोंबली. समोरची शेजारीण पायरीवरून ओरडली, "काय ताई, यंदा हात आखडता?"

"लोकर संपली," ताई म्हणाली.

मी उतरलो. शिडी उचलायला गेलो, तर तिने अजून दोन्ही हातांनी ती तशीच धरून ठेवली होती.