अबोल्यातला डाव

पाच दिवसांचा गणपती दीड दिवसावर आण, असं मी ताईला सुचवलं. तिचे गुडघे दुखतात, एकटी राहते, आल्यागेल्याचं करून दमते. सल्ला चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. वेळ चुकली. मी ते आरतीनंतर, प्रसाद वाटताना, दहा-बारा माणसांसमोर बोलले. ताई म्हणाली, "बाबांचा गणपती आहे. तुला जड होत असेल तर येऊ नकोस."

"नाही येत," म्हणून मी चपला घातल्या.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, गिरगावातल्या आईबाबांच्या खोलीतच राहते. मी लालबागला. आमच्या घरात भांडणं छोटी आणि अबोले लांब. आईने तिच्या जावेशी दोन वर्षं अबोला धरला होता, आणि त्या दोन वर्षांत दोघी एकाच मोरीत भांडी घासत होत्या. त्यामुळे आता फोन नाही, मेसेज नाही, हे आम्हाला ठरवावं लागलं नाही.

खेळ मात्र चालू राहिला.

लॉकडाऊनमध्ये माझ्या मुलीने तो आम्हा दोघींच्या फोनवर टाकून दिला होता. एक नकाशा, त्यावर दोघींच्या दोन राजधान्या. आपल्या पाळीला सैन्य हलवायचं, तटबंदी बांधायची, मग समोरच्याची पाळी. पाळीला तीन दिवस मिळतात. तेवढ्यात खेळला नाहीत तर हरलात. आपलं सैन्य जिथे आहे तिथलं तेवढं दिसतं, बाकी नकाशावर धुकं.

मी अनोळखी माणसांशीही खेळून पाहिलं. ती हरायला लागली की मध्येच पळतात, नाहीतर लालबुंद तोंडांची चित्रं पाठवतात. ताई पळत नाही. शेवटचा धनुर्धारी पडेपर्यंत खेळते आणि मग फोन करून म्हणते, "हत्ती पुढे काढलास ना, तेव्हाच मला कळलं होतं. चल, दुसरा लाव." आमचा रिवाजच तो. हरलेलीने फोन करून पुढचा डाव मागायचा.

पंचाईत तिथेच झाली. दिवाळीपर्यंत माझे हत्ती ताईच्या राजधानीला भिडले होते. दोन पाळ्यांत डाव माझा होता. पण मग फोन तिने करायला हवा होता, आणि ती करणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. डाव संपला असता आणि आमच्यात काहीच उरलं नसतं. म्हणून मी एक हत्ती एक घर डावीकडे नेऊ लागले, दुसऱ्या दिवशी उजवीकडे. संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवाव्यात असं मनात आलं होतं. त्याऐवजी हत्ती डावीकडे नेला.

मी परळला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी हातमोजे चढवायच्या आधी फोन बघायचा. 'तुमची पाळी' असं दिसलं की ताई उठली, दूध तापवलं, चहा झाला, एवढं समजायचं. त्याहून जास्त मला नको होतं.

फेब्रुवारीत एका सोमवारी ते दिसलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी दुपारी डाव सांगू लागला, की समोरच्या खेळाडूचे चार तास उरलेत आणि मग विजय तुमचा. फोन बिघडला असेल, असं मी आधी म्हटलं. मग बाकीचं मनात येऊ लागलं. फोन केला तर अबोला मोडला असता. जाऊन बघणं म्हणजे नुसतं बघणं, अशी स्वतःची समजूत घालून मी अर्धी रजा टाकली आणि टॅक्सी केली.

दार उघडंच होतं. ताई कॉटवर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन. सोमवारी झालेलं. शेजारच्या वहिनींनी नेलं, आणलं, आणि डोळ्यांत थेंबही त्याच घालत होत्या.

"मला कळवता आलं नाही?"

"कुणाला? तू बोलत नव्हतीस."

"तू बोलत नव्हतीस!"

"आधी चपला काढ. तशीच आत आलीयेस."

मी चपला काढल्या. मग जे खरं होतं ते सांगितलं. "तुझी पाळी राहिलीये. तीन तास उरलेत."

"फोन बघायचा नाही म्हणालेत डॉक्टर. जिंकतेस की घरबसल्या."

"असं नकोय मला."

तिने काळा चष्मा नीट बसवला. मग म्हणाली, "कपाटावर आहे फोन. मी सांगते तसं खेळ."

मी तिचा डाव उघडला. तिच्या बाजूने तो मी पहिल्यांदाच बघत होते. माझं धुकं होतं तिथे तिला लख्ख दिसत होतं. माझ्या राजधानीच्या मागे, डोंगराच्या आडोशाला, तिचे पाच घोडेस्वार उभे होते. माझं सगळं सैन्य तिच्या दारात, मागे एक पहारेकरीसुद्धा नाही.

"हे कधीपासून इथे?"

"दसऱ्यापासून."

"मग राजधानी का नाही घेतलीस?"

"घेतली असती तर पुढचा डाव तू मागायचा. तू मागतेयस! आईवर गेलीयेस." मग म्हणाली, "आणि तुझा तो हत्ती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला काय कळत नव्हतं?"

म्हणजे तिला मी सांभाळून घेत होते, या समजुतीत मी चार महिने काढले होते.

"हं, आता पहिला घोडेस्वार पुढे घे," ताई म्हणाली.

"ताई, ती माझी राजधानी आहे."

"माहितीये. आता समोर बसलीयेस ना? आता काय अडलंय?"

मी तिचे घोडेस्वार माझ्याच बोटाने एकेक पुढे काढले. पाचव्याला राजधानी पडली.

"काय झालं? मला दिसत नाहीये, सांग ना."

"पडली."

"अशी कशी पडली? नीट सांग."

मी सांगितलं. आधी पूर्वेचा तट कोसळला, मग झेंडा उतरला, माणसं बोचकी घेऊन पळत सुटली. त्या खेळात माणसं पळत नाहीत, बोचकी तर नाहीतच. ताई हसायला लागली.

"हसू नकोस, डोळ्यावर ताण येईल."

"बोचकी घेऊन? पुढे?"

"पुढे काही नाही. मान मागे कर, थेंबांची वेळ झालीये."