सगुणाने थांबवलेलं मशीन

शहाडची सगुणा दहावीला गणितात नापास झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लग्न, दोन मुली, आणि चाळिशीत डोंबिवलीच्या एमआयडीसीत पितळेचे वॉशर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम. दर तासाला मशीनखालचे पाच वॉशर उचलायचे, जाडी मोजायची, पाचही मापं आणि त्यांची सरासरी कागदावर लिहायची. जाडी तीन मिलिमीटर हवी. मिलिमीटरचे दहा शतांश इकडेतिकडे चालायचं, म्हणजे २.९० ते ३.१०.

मागच्या वर्षी ऑफिसच्या हेमांगी मॅडमनी कागदावर एक रकाना वाढवला: रेंज. पाचांतल्या सगळ्यात मोठ्या मापातून सगळ्यात लहान वजा करायचं, बस. बाकीच्या मशीनांवर तपासणी करणाऱ्या बायका कुरकुरल्या, रकाना कोरा सोडायला लागल्या. सगुणा मात्र नेमाने भरायची.

त्या गुरुवारी अकरा वाजता मापं आली: २.९१, ३.०९, २.९५, ३.०५, ३.००. सरासरी बरोब्बर तीन. पण रेंज ०.१८! रोज ती ०.०४ असायची, फार तर ०.०५. तिने आणखी पाच उचलले. ०.१९.

सुपरवायझर पोपटभाऊंना दुपारी टेम्पो भरायचा होता. "अहो ताई, एकही पीस बाहेर नाहीये. सरासरी बघा ना! माल सोडायची सही करा."

"सरासरी ठीक आहे हो. पण मापं फाकलीत. आत्ता काठावर आहेत, तासाभरात बाहेर जातील."

"मालकांना काय सांगू मी?"

"सगुणाने सही केली नाही, असं सांगा."

सहा वर्षांत ती कुणाला उलट बोलली नव्हती. तिने मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं.

मेकॅनिक चांगदेवने मशीन उघडलं. अर्धा तास काहीच सापडेना. पोपटभाऊ सारखे घड्याळ बघत होते. सगुणा जागची हलली नाही. शेवटी चांगदेवचा पाना थांबला तो कापणारं हत्यार धरून ठेवणाऱ्या बोल्टवर. बोल्ट ढिला झाला होता. तो आवळून मशीन सुरू केल्यावर रेंज आली ०.०४. मग तिने सही केली. टेम्पो संध्याकाळी निघाला.

पोपटभाऊ दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. तीही समजूत काढायला गेली नाही. सोमवारी तेच चहा घेऊन तिच्या टेबलापाशी आले, काखेत कागदांचा गठ्ठा.

"बाकीच्या मशीनांचा हा रकाना कुणी भरलेलाच नाही, ताई. रेंज काढून भरून द्याल?"

सगुणाने चष्मा लावला आणि वरचा कागद ओढून घेतला.