तीन कट्ट्यांना तीन कमी

माझी आई तानीबाई निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळत होती. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, यापलीकडचं गणित तिला ठाऊक नव्हतं. एकोणऐंशी साली मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, हृदय चालतं ठेवणारं यंत्र बसवलं आणि रोज सकाळी मिनिटभर नाडी मोजायला शिकवलं. नाडीही ती कट्ट्यांतच मोजायची. मी घड्याळ धरायचो. बहात्तर ठोके झाले की म्हणायची, "तीन कट्ट्याला तीन कमी. जा रं सत्या, साळंला उशीर हुतोय." मी शाळामास्तर. तो आकडा ऐकल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडत नसे.

यंत्राबरोबर एक कार्ड मिळालं होतं. त्यावर शाईनं तिचं नाव, यंत्राचा नंबर आणि डॉक्टरांची सही. दसऱ्याला ती विड्यांची कात्री आणि सूप पाटावर मांडून पुजायची, तेव्हा कार्डही शेजारी ठेवायची. "कात्रीवर पोट चालतंय, ह्याच्यावर जीव," म्हणत हळदकुंकू वाहायची, वर पाणी शिंपडायची. मी हसायचो. "आई, खराब हुईल गं ते. उद्या नक्कल काढून आणतो." वर्गात पोरांना आळसावर व्याख्यानं झोडणारा मी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझा तो उद्या सात दसऱ्यांत उजाडला नाही.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर एका सकाळी ती म्हणाली, "दोनच कट्टे झाले रं. त्यालाबी चार कमी." मी तिला तडक बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, बॅटरी संपत आलीय, एसटीचे धक्के नकोत, उद्याच्या विमानानं मुंबई गाठा. "विमानतळावर धातू शोधायचं यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नका, आतलं यंत्र बिघडेल. कार्ड दाखवा, हातानं तपासायला सांगा."

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर मी ऐटीत कार्ड पुढं केलं. पोलीस अधिकाऱ्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. हळदीचे सात थर आणि कुंकवाचे डाग. नंबर गेलेला, सही गेलेली.

"ह्यात कायबी वाचता येत न्हाय, मास्तर."

"साहेब, यंत्र हाय तिच्या छातीत. हातानं तपासा."

"बाई पोलीस आज न्हाय. आन् कागदाशिवाय मी सोडू कसा? लोक विमानं पळवाय लागल्यात."

त्याचंही चुकत नव्हतं. मी मुंबईच्या डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला, तो लागेना. बाहेर विमानाचे पंखे फिरू लागले. पुढचं विमान तीन दिवसांनी होतं. मी त्याचे पाय धरले, भर लोकांत रडलो. आई बाकावर मनगट धरून बसली होती. मी घड्याळ धरलं. चाळीसही भरेनात.

ती उठली. "साहेब, तुमचं यंत्र फिरवा. पर एकदाच, थांबवू नगा."

त्यानं फिरवलं. डाव्या बाजूला ते वाजलं.

"काय लपवलंय, आज्जी?"

पोटच्या पोरासमोरही जिचा पदर कधी ढळला नव्हता, त्या माझ्या आईनं आठ-दहा परक्या पुरुषांपुढं पदर खाली घेतला, चोळीचा गळा बाजूला ओढला आणि कातडीखालचा उंचवटा, वरचा व्रण दाखवला. "हे बघा. हे कुटं काढून ठेवू म्या?"

अधिकाऱ्यानं मान खाली घातली. सगळ्यांनीच घातली. मला तेवढंही वेळेवर सुचलं नाही.

आम्हाला सोडलं. मुंबईत नवं यंत्र बसलं, आई वाचली. नव्या कार्डाच्या मी त्याच दिवशी सहा नकला काढल्या. आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आजही सकाळी मी घड्याळ धरतो. तिचे ओठ हलतात, मिनिट संपतं. मी विचारतो, "किती झाले, आई?"

ती पदर नीट खांद्यावर ओढते. "हाईत तेवढं. जा साळंला."

आणि मी आकडा न ऐकताच शाळेत जातो.